जुनी स्विफ्ट डिझेल की नवी? गाडीकडे धंद्याच्या मालकाच्या नजरेने कसं बघायचं



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण "धंद्यासाठी गाडी बदलायची की नाही" हा विषय घेतला. व्हिडिओत आकडे पटापट पुढे जातात, म्हणून सगळा हिशोब इथे सावकाश मांडतोय. वही-पेन आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसा. हा धडा वाचून सोडायचा नाही, सोडवायचा आहे.

उदाहरण म्हणून मारुती स्विफ्ट डिझेल घेतली आहे. जुनी म्हणजे ऑगस्ट 2011 मध्ये आलेली पिढी आणि नवी म्हणजे फेब्रुवारी 2018 मध्ये आलेली पिढी. शोरूममध्ये यातली एकही आज मिळत नाही. एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम लागू झाले, तेव्हा कंपनीने डिझेल इंजिनंच बंद केली. 2024 ची स्विफ्ट पेट्रोल आणि सीएनजीवर येते. पण तालुक्याच्या कुठल्याही जुन्या गाड्यांच्या बाजारात जा, या दोन्ही डिझेल स्विफ्ट उभ्या दिसतील. आणि "जुनी काढून जरा नवी घेऊ का?" हा प्रश्न आपल्यातल्या बऱ्याच जणांना पडलेला आहे.

हेच उदाहरण घेण्याचं खरं कारण वेगळं आहे. या दोन्ही गाड्यांत इंजिन एकच आहे. त्यामुळे जास्तीचे पैसे नक्की कशाचे मोजतोय, हे अगदी स्वच्छ दिसतं.

आधी गाडी समजून घेऊ

बोनेटखाली दोन्हीकडे 1248 सीसीचं, मूळ फियाटचं मल्टिजेट इंजिन. ताकद 75 पीएस, टॉर्क 190 एनएम. दोन्ही आकडे दोन्ही गाड्यांत सारखेच. हेच इंजिन डिझायर, रिट्झ, अर्टिगा, व्हिटारा ब्रेझामध्ये होतं, टाटाच्या इंडिका व्हिस्टात होतं, फियाटच्या पुंटोत होतं. आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातही ते बनायचं. याचा मालकाला फायदा असा की गावोगावच्या मेकॅनिकचा हात या इंजिनवर बसलेला आहे.

आता काय बदललं ते बघा.

- लांबी 3850 मिमीवरून 3840 मिमी झाली, म्हणजे जवळजवळ तेवढीच. रुंदी मात्र 1695 वरून 1735 मिमी झाली आणि व्हीलबेस 2430 वरून 2450 मिमी. आत बसल्यावर, विशेषतः मागे, हा फरक जाणवतो.
- डिक्की 204 लिटरवरून 268 लिटर झाली.
- वजन सुमारे 80 किलोने कमी झालं.
- डिझेलची टाकी 42 लिटरवरून 37 लिटरवर आली.
- ग्राउंड क्लिअरन्स 170 मिमीवरून 163 मिमी झाला.
- कंपनीने सांगितलेलं अ‍ॅव्हरेज 25.2 वरून 28.4 किमी प्रति लिटर झालं. यातला 25.2 हा आकडा जुन्या पिढीच्या 2014 नंतरच्या गाड्यांचा आहे.
- दोन एअरबॅग आणि एबीएस नव्या गाडीच्या सगळ्या व्हेरिएंटमध्ये आले.

चालवताना फरक कुठे कळतो? दोन्ही गाड्यांत इंजिनचे फेरे 2000 च्या आसपास गेले की टर्बोचा जोर लागतो, त्याखाली गाडी थोडी सुस्त वाटते. चंदनापुरी घाटासारख्या चढावर ट्रकमागे अडकलात की दोन्हीकडे गिअर खाली घ्यावाच लागतो. नवी वजनाला हलकी असल्यामुळे लवकर सावरते, एवढंच. ज्यांना सतत क्लच दाबायचा कंटाळा आहे, त्यांच्यासाठी 2018 च्या डिझेलमध्ये ऑटो गिअरचा पर्यायही आला होता.

ग्राहक म्हणून बघितलं तर नवी सरळ सरळ सरस आहे, त्यात वादच नाही. पण आपला प्रश्न तो नाहीच. आपला प्रश्न असा: या सरसपणातला किती भाग माझ्या धंद्याच्या गल्ल्यात पैसे होऊन येतो?

"अ‍ॅव्हरेज वाढेल" हे कारण तपासू

गाडी बदलताना घरच्यांना आणि स्वतःलाही सांगायचं ठरलेलं कारण म्हणजे अ‍ॅव्हरेज. चला, तेच आधी मोजू.

समजा, तुम्ही संगमनेरला मसाल्याचा घरगुती उद्योग चालवता. माल टेम्पोने जातो. तुमची गाडी ऑर्डर घ्यायला, सॅम्पल दाखवायला आणि वसुलीला फिरते. महिन्याचं रनिंग 1,500 किमी. तुमच्याकडे 2014 ची स्विफ्ट आहे आणि 2018 ची घ्यायचा विचार चाललाय. पुढचे सगळे आकडे गणितासाठी धरलेले आहेत, त्यांच्या जागी तुमचे घाला.

कंपनीचं अ‍ॅव्हरेज बाजूला ठेवा, ते चाचणीतलं असतं. रोजच्या रस्त्यावर जुनी 18 देते आणि नवी 21 देईल, असं धरू. डिझेल 90 रुपये लिटर.

जुनी: 1,500 भागिले 18, म्हणजे 83.3 लिटर. महिन्याचा खर्च 7,500 रुपये.
नवी: 1,500 भागिले 21, म्हणजे 71.4 लिटर. महिन्याचा खर्च 6,429 रुपये.
बचत: महिन्याला 1,071 रुपये, वर्षाला साधारण 12,850 रुपये.

आता जुनी 2.5 लाखाला गेली आणि नवी 5.5 लाखाला पडली, तर खिशातून वर 3 लाख घालावे लागतील. 3 लाख भागिले 12,850 म्हणजे 23 वर्षं! तेवढी वर्षं गाडी तरी राहील का?

"सर, माझं रनिंग जास्त आहे," असं कुणीतरी म्हणणारच. ठीक आहे. महिन्याला 4,000 किमी धरू. बचत महिन्याला 2,857 रुपये, वर्षाला साधारण 34,290. तरीही 3 लाख वसूल व्हायला पावणेनऊ वर्षं लागतात.

म्हणून पहिला मुद्दा वहीत लिहा: चालू स्थितीतली जुनी डिझेल काढून नवी डिझेल घ्यायला नुसतं अ‍ॅव्हरेज हे कारण पुरत नाही. दुसरं कारण असेल तर ते मोजून सांगा.

मग फक्त डिझेल मोजून थांबायचं का? नाही

इथे उलटी चूकही होते. "23 वर्षं लागतात, सोडा विषय" असं म्हणणाराही अर्धाच हिशोब करतो. कारण 3 लाख काही हवेत जात नाहीत. गाडी विकाल तेव्हा त्यातले काही परत येतात. म्हणून चार वर्षांचा पूर्ण हिशोब मांडू.

किंमत किती उतरेल? जुनी आज 2.5 लाखाची, चार वर्षांनी 1 लाखाची. तोटा 1.5 लाख. नवी आज 5.5 लाखाची, चार वर्षांनी 3 लाखाची. तोटा 2.5 लाख. म्हणजे नवीचा जास्तीचा तोटा 1 लाख.

कर्जाचं व्याज? 3 लाख, 12 टक्के, चार वर्षं. हप्ता साधारण 7,900 रुपये आणि एकूण व्याज साधारण 79,200 रुपये.

विमा? नवीची किंमत जास्त, म्हणून हप्ताही जास्त. वर्षाला 4,000 रुपये फरक धरू, चार वर्षांचे 16,000.

एकूण जास्तीचा खर्च: 1,00,000 अधिक 79,200 अधिक 16,000, म्हणजे 1,95,200. वर्षाला 48,800 रुपये.

आता फायद्याची बाजू. डिझेलची बचत 12,850. जुन्या गाडीचं जास्तीचं रिपेअरिंग वाचेल, ते 15,000 धरू. जुनी गाडी वर्षातून चार दिवस जास्त गॅरेजला उभी राहते आणि मार्केटचा एक दिवस बुडाला तर 3,000 रुपयांचा नफा जातो असं धरलं, तर ते 12,000. एकूण फायदा वर्षाला 39,850 रुपये.

खर्च 48,800, फायदा 39,850. म्हणजे 1,500 किमी रनिंगला नवी गाडी वर्षाला 8,950 रुपयांनी महाग पडते. 23 वर्षांच्या गणितापेक्षा हे चित्र बरंच सौम्य आहे, बघा. आणि रनिंग 4,000 किमी असेल तर फायदा 61,290 होतो, म्हणजे वर्षाला सुमारे 12,490 रुपये सुटतात. फक्त एवढी पळालेली गाडी विकताना भाव थोडा कमी येतो, ते तुमच्या तक्त्यात धरा.

पण रोख पैसा कुठून येणार?

इथेच खरी गोम आहे. वरचा हिशोब नफ्या-तोट्याचा झाला. बँकेचा हप्ता मात्र रोखीने जातो.

1,500 किमीच्या उदाहरणात हप्ता 7,900 आणि डिझेलची बचत 1,071. दर महिन्याला 6,829 रुपये धंद्याने वरचे कमवून द्यायचे. एक किलो मसाल्यामागे सगळा खर्च जाऊन 40 रुपये सुटत असतील, तर जवळपास 171 किलो मसाला जास्तीचा विकायचा. फक्त हप्त्यासाठी. दर महिन्याला. दिवाळीनंतरच्या थंड महिन्यातही आणि पावसाळ्यातही.

दुसरं म्हणजे, हेच 3 लाखांचं कर्ज तुमची पत वापरून घेणार आहात. उद्या मोठं पल्व्हरायझर घ्यायचं झालं किंवा उन्हाळ्यात मिरचीचा सीझन असताना वर्षाचा माल भरून ठेवायचा झाला, तर बँक आधीचा हप्ता बघूनच पुढचं बोलते. मिरची स्वस्त असताना हातात पैसा नसला की पुढे वर्षभर महाग घ्यावी लागते. म्हणून दोन ओळी आमनेसामने लिहा: "हे 3 लाख गाडीत घातले तर वर्षाला किती?" आणि "हेच 3 लाख मालात किंवा मशीनमध्ये घातले तर वर्षाला किती?" ज्या ओळीचा आकडा मोठा, ती आधी.

पैशात न मोजता येणारी एक गोष्ट

आता उलट बाजूने बोलतो, कारण ही बाजू लपवणं बरोबर नाही. सुरक्षितता.

2014 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत एअरबॅग नसलेल्या भारतीय स्विफ्टला शून्य तारे मिळाले. 2018 मध्ये दोन एअरबॅगवाल्या नव्या स्विफ्टला दोन तारे मिळाले. दोन तारे काही फार नाहीत, पण शून्य आणि दोन यात फरक आहे. जुन्या पिढीत खालच्या व्हेरिएंटमध्ये, म्हणजे बऱ्याच गाड्यांत, एअरबॅग नव्हत्या.

छोट्या धंद्यात मालक हाच सेल्समन, तोच वसुलीवाला, तोच खरेदीवाला. तो दोन महिने अंथरुणावर पडला तर धंदाही पडतो. तुम्ही आठवड्यातून चार दिवस हायवेवर असाल, रात्री उशिरा परतत असाल आणि तुमच्या गाडीत एअरबॅग-एबीएस नसेल, तर वर्षाचे 8,950 रुपये जास्त जाणं मला महाग वाटत नाही. मग मात्र मान्य करा की ते पैसे सुरक्षिततेसाठी जातायत. अ‍ॅव्हरेजचं नाव पुढे करू नका. खर्चाला त्याचं खरं नाव दिलं की निर्णय चुकत नाही.

मोठ्या डिक्कीचा मोह

"डिक्की 64 लिटरने मोठी, म्हणजे माल जास्त बसेल." थांबा. तुमची विमा पॉलिसी काढा आणि "वापराच्या मर्यादा" हा भाग वाचा. खासगी कारच्या पॉलिसीत भाड्याने वापर आणि मालवाहतूक वगळलेली असते. सॅम्पल आणि वैयक्तिक सामान चालतं. रोज बॉक्स भरून डिलिव्हरी करत असाल आणि तेव्हाच अपघात झाला, तर क्लेमला अडचण येऊ शकते. तसंच पांढऱ्या नंबर प्लेटच्या गाडीवर भाडं मारणं कायद्याला धरून नाही, त्यासाठी पिवळी प्लेट आणि परमिट लागतं.

म्हणून डिक्की सॅम्पलसाठी मोजा, डिलिव्हरीसाठी नको. माल वाढला असेल तर तुमचा प्रश्न "कुठली स्विफ्ट" हा नाहीच. तुमचा प्रश्न "भाड्याचा टेम्पो की स्वतःचा छोटा टेम्पो" हा आहे.

असाच एक गैरसमज टाकीचा. "नव्याची टाकी लहान, सारखं पंपावर जावं लागेल." 42 गुणिले 18 म्हणजे 756 किमी, 37 गुणिले 21 म्हणजे 777 किमी. फरक नाहीच, उलट थोडी पुढेच जाते.

किलोमीटरवर जगणाऱ्यांना कंपनीने काय विकलं?

याच घराण्यातली डिझायर बघा. नवी डिझायर आली तरी टॅक्सीवाल्यांसाठी कंपनीने आधीच्या पिढीची गाडी "टूर" नावाने विकणं सुरूच ठेवलं. 2012 मध्ये पहिल्या पिढीची तशी ठेवली, 2017 मध्ये तिसरी पिढी आल्यावर दुसरीची ठेवली. घरगुती ग्राहकाला नवं रूप, आणि किलोमीटरवर पोट असणाऱ्याला जुना सांगाडा, तेच इंजिन, कमी किंमत.

यात आपल्यासाठी दोन धडे आहेत. एक, गाडी हे तुमच्या धंद्याचं हत्यार असेल तर टॅक्सीवाल्यासारखा विचार करा. दोन, तुमच्या स्वतःच्या मालातही हेच करून बघा. ज्यावर ग्राहकाचा विश्वास बसलाय ते "इंजिन", म्हणजे तुमची चव, तुमची रेसिपी, ती हलवू नका. तक्रार जिथे आहे, म्हणजे पॅकिंग, वजनाचे पर्याय, डिलिव्हरी, तिथे बदल करा. आणि नवं पॅकिंग आलं म्हणून हॉटेलवाल्यांचा पाच किलोचा साधा पॅक बंद करू नका.

कर आणि कागदपत्रं, थोडक्यात

- जीएसटी: अशा प्रवासी कारवर भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट सर्वसाधारण धंद्याला मिळत नाही. "जीएसटी परत मिळेल" असं कुणी म्हणालं तर आधी सीएंना विचारा.
- आयकर: पुस्तकं ठेवत असाल तर धंद्याच्या वापरापुरता घसारा आणि कर्जाचं व्याज खर्चात धरता येतं. कारचा घसारा सर्वसाधारणपणे 15 टक्के. अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत रिटर्न भरत असाल तर घसारा त्यात धरलेलाच असतो, वेगळा मिळत नाही.
- पासिंग: खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. 2014 ची गाडी 2029 ला पुन्हा पासिंगला जाईल, तेव्हा तपासणी आणि पर्यावरण कर आहेच. 2018 च्या गाडीला 2033 पर्यंत वेळ आहे. जुनी विकायचीच असेल तर हे वर्ष डोळ्यासमोर ठेवा.
- जुन्या बाजारातून घेताना: आरसीवर बँकेचा बोजा उतरलाय का, चलन थकलंय का, हे बघा. फॉर्म 29 आणि 30 भरून नाव बदलून घ्या. विमा 14 दिवसांत नावावर करून घ्या. तुमचा नो क्लेम बोनस तुमचा असतो, तो गाडीबरोबर जात नाही, नव्या गाडीच्या पॉलिसीला लावून घ्या.
- गाडी बघताना: सकाळी थंड इंजिन स्वतः चालू करा, धूर बघा. चढावर क्लच घसरतो का बघा. सर्व्हिसचं रेकॉर्ड मागा. आणि पैसे देण्याआधी तुमच्या मेकॅनिकला दाखवा. त्याच्या वेळेचे पैसे द्या, पण दाखवाच.

मग निर्णय काय?

सरळ सांगतो.

जुनी ठेवा: रनिंग 2,000 किमीच्या आत असेल, गाडी महिन्यातून गॅरेजला बसत नसेल आणि धंद्याला खेळत्या भांडवलाची चणचण असेल. हजार-दोन हजार रुपये दरमहा "गाडी फंड" म्हणून वेगळे टाका, म्हणजे पुढच्या वेळी कर्ज कमी लागेल.

नवी घ्या: रनिंग 3,500-4,000 किमीच्या वर असेल, हप्ता मंद महिन्यातल्या नफ्यातूनही निघत असेल आणि जुनीत एअरबॅग नसतील. या तिन्ही गोष्टी जुळल्या तर मागेपुढे बघू नका.

मधल्यांनी तक्ता भरा. एका पानावर दोन रकाने करा, जुनी आणि नवी. ओळी सहा: किंमत किती उतरेल, व्याज, विमा, डिझेल, रिपेअरिंग, बुडालेले दिवस. खाली सातवी ओळ: मंद महिन्यात हप्ता कुठून येईल? सहा ओळींचं उत्तर आकड्यात द्या, सातवीचं एका वाक्यात. ते वाक्य लिहिता आलं नाही, तर गाडी अजून सहा महिने थांबू शकते.

या आठवड्याचा गृहपाठ: पुढचे 30 दिवस गाडीत छोटी वही ठेवा. तारीख, किलोमीटर, डिझेल आणि कामाचं कारण, एवढंच लिहा. महिन्याच्या शेवटी "धंदा" आणि "घर" असे दोन बेरजेचे आकडे काढा. धंद्याचं रनिंग आपल्याला वाटतं त्यापेक्षा कमी निघालं, तर वरचा सगळा तक्ता त्या आकड्यावर पुन्हा मांडा.

पुढच्या भागात भाड्याचा टेम्पो की स्वतःचा, याचा हिशोब करू. तोपर्यंत वही भरत राहा.